निमाला बर्फ दाखवायला

हिवाळ्यात युरोपला कोणी जातं का, हे मला जळगावात इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मी उत्तर पाठच करून टाकलं. जानेवारीत विमानाचं तिकीट उन्हाळ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतं, राहायच्या जागा रिकाम्या असतात, रांगा नसतात आणि बर्फ असतो. पहिली तीन कारणं माझी. चौथं निमाचं.

ज्यांना असं थोडक्या पैशांत जायचं असेल त्यांना उपयोग व्हावा म्हणून हे लिहायला घेतलं. तयारीचं आधी सांगते. पुढचं मला वगळता आलं असतं, पण मग हे आमच्या प्रवासाचं वर्णन राहिलं नसतं.

जळगाव : पिवळी फाईल

आम्ही तिघी. मी सुलभा, जळगावात प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका, निवृत्तीला दीड वर्ष उरलेली. रजनी दवाखान्यात सिस्टर. आणि निमा म्हणजे निर्मला, धुळ्याची, माझ्यासारखीच शिक्षिका. एकोणिसाव्या वर्षी आम्ही जळगावात एका भाड्याच्या खोलीत राहत होतो. मी आणि निमा डी.एड.ला, रजनी नर्सिंगला. खोलीत तीन खाटा, एक स्टोव्ह आणि भिंतीवर कापड दुकानाचं एक कॅलेंडर. त्यातल्या जानेवारीच्या पानावर एक दगडी पूल होता, पुलावर काळे पुतळे आणि पुतळ्यांच्या डोक्यावर बर्फ. जानेवारी संपला तरी निमाने ते पान उलटू दिलं नाही. वर्षभर आम्ही तारखा शेजारच्या घरी जाऊन बघितल्या. "एकदा हात लावून बघायचा," एवढंच ती म्हणायची. तो पूल कुठला, हे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. पुढे मोबाईल आले तेव्हा मी शोधून काढलं. प्राग.

तिघींनी साठीच्या आत तिथे जायचं, असं आमचं ठरलेलं होतं. ठरलेल्या गोष्टी जशा राहतात तसं ते राहिलं. मग दोन वर्षांपूर्वी निमा वर्गात हजेरी घेताना थांबली. नावं समोर लिहिलेली होती, तिला ती वाचता येत होती, पण मुलं कोणती ते कळेना. तपासण्या झाल्या, तिने नोकरी सोडली. नवरा आधीच गेलेला, म्हणून ती लेकीकडे, पूनमकडे राहायला गेली. पूनमने मला फोन करून सांगितलं, "मावशी, डॉक्टर म्हणाले, आईला कुठे न्यायचं असेल तर याच वर्षी न्या."

त्या संध्याकाळी मी पिवळी फाईल काढली.

फाईलमध्ये दहा भाग केले. पासपोर्ट, व्हिसा, विमान, रेल्वे, मुक्काम, विमा, औषधं, कपडे, खाणं, आणि दहावा भाग "निमा". ज्यांना जायचंय त्यांनी एवढं लक्षात ठेवा. व्हिसाचे कागद तीन महिने आधी सुरू करा. रजेचा मंजुरी आदेश इंग्रजीत मागून घ्या, आमच्या कार्यालयात तो मिळवायला मला चार खेपा पडल्या. रेल्वेची तिकिटं जितकी लवकर काढाल तितकी स्वस्त. मुक्काम स्वयंपाकघर असलेल्या ठिकाणी करा. गरम कपड्यांसाठी मुंबई-पुण्याला धावू नका, थंडीत आपल्याकडे स्वेटरवाल्यांचे तंबू लागतात तिथे सगळं मिळतं. फक्त बूट चांगले घ्या.

खाण्याच्या यादीवरून माझं आणि रजनीचं वाजलं. मी लिहिलं होतं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, बट्टी, भाकरीसाठी कळण्याचं पीठ, लहान तवा. रजनी म्हणाली, "तवा कशाला? तिकडे भाकरी थापायला चाललीस का युरोप बघायला?" तवा सोबत गेलाच आणि रोज कामी आला. उलट रजनीने माझ्या नकळत पिशवीभर बिबड्या, आपले ज्वारीचे पापड, घातल्या होत्या. त्यांचा मुंबईला पोचेपर्यंतच चुरा झाला. तो चुरा आम्ही व्हिएन्नापर्यंत सुपात घालून खाल्ला.

व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जावं लागलं. खिडकीवरची मुलगी मराठी निघाली. कागद पाहता पाहता तिने निमाला सहज विचारलं, काकू, कशासाठी चाललात? निमाने माझ्याकडे पाहिलं. तिला उत्तर द्यायच्या आधी माझ्याकडे बघायची सवय होती, खोलीतल्या दिवसांपासूनची. मी मान हलवली. "बर्फासाठी," ती म्हणाली. मुलगी हसली.

निघायच्या दिवशी मी आणि रजनी जळगावहून गाडीत बसलो. पूनमने निमाला धुळ्याहून चाळीसगाव स्टेशनवर आणलं होतं. गाडी थांबते दोनच मिनिटं. मी दारात उभी होते, हातात निमाच्या गळ्यात घालायचं कार्ड: नाव, माझा नंबर, रजनीचा नंबर, औषधांची नावं. पूनमने आईला वर चढवलं आणि घाईघाईत म्हणाली, "मावशी, एक सांगायचं राहिलं. आई आजकाल मधूनच अहिराणी बोलते. लहानपणीचं. मला कळतं पण बोलता येत नाही. तुम्हाला समजेल ना?"

"समजेल की," मी म्हणाले. जन्म खान्देशात गेला माझा. मी फाईलच्या दहाव्या भागात त्याची नोंदसुद्धा केली नाही.

प्राग

विमानाचं काही सांगण्यासारखं नाही. उतरलो तेव्हा दुपार होती आणि उजेड मात्र संध्याकाळचा. शून्याच्या खाली तीन. नाकातून आत जाणारी हवा टोचत होती. बसमधून शहरात जाताना बर्फ लागला तो आधी मळका, रस्त्याकडेला लोटून ठेवलेला, आपल्याकडे गटार उपसून काठावर टाकतात तसा. निमाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

पुलावर आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी आठला गेलो. नंतर गर्दी होते म्हणून मी तशी वेळ काढली होती, ती योग्य निघाली. पूल जवळजवळ रिकामा होता. दोन्ही बाजूंना काळे पुतळे, आणि खरंच, डोक्यावर, खांद्यांवर, पसरलेल्या हातांवर पांढरा बर्फ. कॅलेंडरवर होता तसाच. खालून नदी वाफाळत होती. रजनीने डोळे पुसले आणि थंडीला शिव्या दिल्या.

निमाने उजव्या हाताचा मोजा काढला. कठड्यावर चार बोटं जाड बर्फ होता, कोणाचा हात न लागलेला. तिने तळवा त्यात दाबला, उचलला, तिच्या हाताचा ठसा उमटला. मग मूठभर बर्फ घेऊन तो गालाला लावला. तिच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद तिच्या लग्नातही पाहिला नव्हता. ती माझ्याकडे वळली.

"गार शे," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले, "गार आहे."

तिने मान हलवली. बर्फ खाली टाकला, हात कोटाला पुसला, मोजा घातला. मी तिघींचे फोटो काढले आणि आम्ही पुढे निघालो, कारण साडेनऊला राजवाड्याची तिकिटं होती.

प्रागमध्ये आम्ही तीन दिवस होतो. राजवाडा, जुनं घड्याळ, टेकडीवरची बाग. सगळं पाहण्यासारखं आहे आणि पायी होतं. खाण्यात बटाट्याचं घट्ट सूप मिळतं, पावाच्या वाटीत ओतून देतात. भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या असतात, चव आपल्या शिंगाड्याच्या जवळची. लोक हळू बोलतात. ट्राममध्ये इतकी शांतता की रजनीला मुलाचा फोन आला आणि ती सवयीने मोठ्याने "जय भीम रे" म्हणाली, तर अख्ख्या डब्याने वळून पाहिलं. मग एका म्हातारबाबांनी टोपी उचलून तिला प्रतिनमस्कार केला. त्यांना वाटलं, ती त्यांनाच काही म्हणाली.

दुकानात केळी होती, प्रत्येक घडावर दूरदेशचं लेबल. खान्देशातल्या तीन बायका त्या केळ्यांसमोर उभ्या राहिल्या. रजनीचं माहेर सावद्याकडचं, केळीच्या बागांतलं. तिने एक घड हातात घेतला, वास घेतला, परत ठेवला आणि म्हणाली, "दिसायला हिरॉईन, चवीला दुधी." निमाने केळ्यांकडे बोट दाखवलं. मी विचारलं, केळी हवीत का? तिने पुन्हा फक्त बोट दाखवलं.

त्या दिवशी डायरीत मी लिहिलं: "निमा कालपासून कमी बोलते. थंडी? थकवा?"

व्हिएन्ना

व्हिएन्नाला रेल्वेने चार तास लागतात. शेतं पांढरी, त्यात काळी झाडं, मधूनच एखादं हरीण. निमा खिडकीला कपाळ लावून बसली होती. मी तिला विचारत होते आणि ती मान हलवत होती. हो किंवा नाही. भूक? नाही. थंडी वाजते? नाही. माझ्या प्रश्नांची उत्तरं मिळत होती, म्हणून शब्द येत नाहीत हे पुरतं लक्षात यायला मला आणखी एक दिवस लागला.

इथे आमची एक फजिती झाली, ती सांगायला हवी, कारण ती आपल्याकडच्या कोणाचीही होईल. ट्रामची तिकिटं मी आदल्या दिवशीच घेऊन प्लास्टिकच्या पाकिटात तारखेप्रमाणे लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. उंच, सभ्य, मिशीवाला माणूस. मी अभिमानाने पाकीट पुढे केलं. त्याने तिकिटं उलटून पाहिली, परत उलटून पाहिली आणि मला डब्यातलं एक छोटं निळं यंत्र दाखवलं. बसल्यावर तिकीट त्यात घालून त्यावर शिक्का मारून घ्यायचा असतो. नाहीतर ते वापरलेलं धरत नाहीत, म्हणजे तुम्ही फुकटे. माझ्या एकाही तिकिटावर शिक्का नव्हता. कोरी करकरीत. तिघींना दंड झाला.

"आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं," रजनी उतरल्यावर म्हणाली, "स्वच्छ ठेवलं म्हणून दंड. हेडबाई, तुझ्या फाईलला हा शोभला."

मला हसू आलं नाही. मी निमाकडे पाहिलं, ती हसेल म्हणून. अशा वेळी ती फार हसायची. ती फूटपाथवरच्या बर्फाकडे पाहत होती.

दुपारी एका जुन्या कॉफीघरात बसलो. लाल मखमली बाकं, उंच छत, कॉफी महाग. पण एक गोष्ट मला फार आवडली. वेटर कॉफीबरोबर न मागता पाण्याचा ग्लास आणून ठेवतो, छोट्या चकचकीत ताटलीत. बाकी सगळीकडे पाणी मागावं लागतं आणि विकत घ्यावं लागतं. आपल्या घरी आलेल्या माणसाला आधी पाणी देतात, मग ये-बस, तसं वाटलं. रजनीने आपला ग्लास एका घोटात संपवला. निमाने ग्लासकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ग्लासला हात लावला नाही.

"पी ना," मी म्हणाले.

ती पूर्ण ग्लास प्यायली. तिला तहान लागली होती. सकाळपासून लागलेली असावी.

पूनमला फोन लावून दिला. फोनवर निमा दोन-तीन वाक्यं बोलली, हळू, तोंड भिंतीकडे करून. मला ऐकू आलं नाही. नंतर पूनम म्हणाली, आई बरी वाटते की. मी डायरीत लिहिलं: "निमा माझ्याशी बोलत नाही." मग "माझ्याशी" खोडलं आणि "निमा बोलत नाही" एवढंच ठेवलं. रोगाचा पुढचा टप्पा असतो तो हा, असं मी धरून चालले. फाईलमध्ये डॉक्टरांचा कागद होता, त्यात "भाषेवर परिणाम" असं लिहिलेलं होतंच.

बुडापेस्ट

तिन्ही शहरांत हे सर्वांत स्वस्त आणि मला सर्वांत आवडलेलं. मधून मोठी नदी वाहते, एका काठावर टेकडी, दुसरा काठ सपाट. घरं थोडी काळवंडलेली, लोक थोडे मोकळे. मोठा बाजार चुकवू नका. लोखंडी छताची दोन मजली इमारत, आपल्या भाजी मंडईच्या दसपट, आणि चिखल नाही.

आणि मिरच्या. हंगेरीत लाल मिरचीचं वेड आहे. दुकानादुकानावर वाळलेल्या लाल मिरच्यांच्या माळा लोंबत होत्या, पुरुषभर उंचीच्या. आत शिरल्याबरोबर तो वास आला आणि तिघींची पावलं थांबली. शिरपूरच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटलं. रजनी म्हणाली, "आता ठसका लागला की घरी पोचलो."

वरच्या मजल्यावर लांगोश मिळतो, मैद्याची मोठी तळलेली पुरी, वर लसूण चोळलेला. रजनी रांगेत उभी राहिली. मी निमाला खाली एका मिरचीच्या दुकानाशेजारच्या बाकावर बसवलं आणि दहा पावलांवर मसाल्याची पुडी घ्यायला गेले. पैसे देऊन वळले तर निमा बाकावर नव्हती. मग तिचा आवाज आला.

ती मिरचीवालीच्या समोर उभी होती. मिरचीवाली म्हातारी, डोक्याला रुमाल, गाल लाल. निमाच्या हातात एक मिरची होती आणि ती बोलत होती. एक-दोन शब्द नव्हेत. सलग, भराभर, हात हलवत.

"आमना वावरमा बी अश्याच मिरच्या ऱ्हातस. माय खयामा टाकस. डोया चुरचुर करतस."

तिच्या शेतातल्या मिरच्या, तिची आई त्या खळ्यात टाकते, डोळे चुरचुरतात. म्हातारीला अक्षरही कळत नव्हतं. ती तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली, डोळे चोळून दाखवले आणि दोघी हसल्या. निमाने मिरचीचं टोक चावलं, थांबली, तोंड वाकडं केलं. "गोड शे," ती म्हणाली, फसवल्यासारखी. म्हातारीने दुसरी, तिखट मिरची काढून दिली. निमाने ती चावली, तिचे डोळे पाणावले, आणि तिने म्हातारीच्या दंडावर थाप मारली.

मी खांबाशेजारी उभी होते. सहा दिवसांत ती एवढे शब्द बोलली नव्हती. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ धावतच पुढे गेले. "निमा!"

तिने वळून मला पाहिलं आणि तोंड मिटलं. बोलणं संपलं म्हणून नाही. गुरुजी वर्गात आल्यावर पोरं मिटतात तसं.

रजनी वरून लांगोश घेऊन आली होती, कागदातून तेल गळत होतं. तिने सगळं पाहिलं होतं. आम्ही बाकावर बसलो, निमा मध्ये. निमा खात होती. रजनी तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलली, आवाज न चढवता.

"ती बोलणं विसरली नाही, सुलभा. तुझ्यासमोर बोलायला भिते." रजनीने मला हेडबाई न म्हणता नावाने हाक मारली, याचाच मला आधी धक्का बसला. "वही विसरलीस का?"

मी विसरले नव्हते. उलट ती वही मी आयुष्यभर मिरवली होती.

माझे वडील तहसील कचेरीत, नाशिककडून एरंडोलला बदलून आलेले. घरी पुस्तकी मराठी. निमा शिरपूरजवळच्या खेड्यातली. डी.एड.च्या पहिल्या पाठाला ती फळ्यासमोर उभी राहिली, मुलांना केळं दाखवून म्हणाली, "हाई काय शे?" आणि मागे बसलेले सर आणि आमचा वर्ग हसला. ती खोलीवर येऊन रडली. मी त्याच दिवशी दोनशे पानी वही आणली, प्रत्येक पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे चूक, उजवीकडे बरोबर. शे, आहे. डोया, डोळा. केय, केळं. माले, मला. मनी, माझी. बठ्ठा, सगळा. गंज, खूप. आणि नियम केला: डावीकडचा शब्द बोललीस तर मी उत्तर देणार नाही. खोलीत मी हा नियम दीड वर्ष पाळला. रजनीच्या बोलीला मी हात लावला नाही. तिने वही खिडकीतून फेकली असती.

"तिला ताप होता," रजनी म्हणाली. "एकशे तीन. मी ड्युटीवरून आले तेव्हा ती 'माले पानी दे, माले पानी दे' करत होती आणि तू खाटेवर पुस्तक घेऊन बसली होतीस. नीट माग, म्हणालीस."

हाही प्रसंग मला पाठ होता. शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी तो कितीदा सांगितला होता: त्या तापातही तिने "मला पाणी दे" असं बरोबर मागितलं, मग मी पाणी दिलं, आणि पुढच्या पाठाला तिला पहिली श्रेणी मिळाली. लोक हसायचे. एक-दोनदा निमासुद्धा त्या सभागृहात बसलेली होती आणि तीही हसली होती.

मी निमाकडे पाहिलं. ती बोटांवरचा लसूण चाटत होती. सगळं तिच्यातून निघून चाललं होतं, मुलांची नावं, रस्ते, नवरा गेल्याचं सालसुद्धा. एवढं मात्र राहिलं होतं की सुलभासमोर चुकीचं बोलायचं नाही. आणि बरोबर शब्द तिला आता सापडत नव्हते. म्हणून ती गप्प होती. प्रागच्या पुलावर, तिच्या आयुष्यातल्या पहिल्या बर्फाला हात लावून ती दोन शब्द बोलली होती. ते मी दुरुस्त केले होते.

रजनीने आपल्या लांगोशचा अर्धा तुकडा माझ्या कागदात ठेवला.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी पुन्हा बर्फ पडला. मोठे, सावकाश तुकडे. मी सकाळपासून मनात वाक्य जुळवत होते. खान्देशात पन्नास वर्षं राहून मला अहिराणी समजते, पण तोंडात बसत नाही, जीभ तिकडे वळवलीच नव्हती कधी. काठावरच्या बाकावरचा बर्फ मी मोजा काढून हातात घेतला, निमाच्या तळव्यावर ठेवला आणि म्हणाले, "निमा, गार शे."

तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. खूप वेळ. कपाळावर आठ्या पडल्या, ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. वर्गात उभं केलेल्या मुलासारखी ती शोधत होती. मग तिला सापडलं.

"गार," ती म्हणाली, "आहे."

आणि बरोबर आलं का म्हणून माझ्याकडे बघत राहिली.

पुढचे तीन दिवस आम्ही पाहायचं ते पाहिलं. गरम पाण्याची कुंडं, टेकडीवरचा किल्ला, रात्री उजळलेला पूल. यादीतलं एकही ठिकाण सुटलं नाही. त्यांच्याविषयी इतरांनी पुष्कळ लिहिलेलं आहे.

धुळे

परतल्यावर मी एक गोष्ट केली. शाळेत पहिलीच्या वर्गात माझ्याच अक्षरातला एक तक्ता लावलेला होता, चूक आणि बरोबर अशा दोन रकान्यांचा. तो उतरवला. कोणी विचारलं नाही. भिंतीवर चौकोनी पांढरा डाग राहिला आहे.

आणि एक नवी वही केली. डावीकडे आणि उजवीकडे तसंच, फक्त वर चूक-बरोबर लिहिलं नाही. आमच्या शाळेतल्या शिपायाची आई धुळ्याकडची आहे, त्यांच्याकडून शब्द लिहून घेतले. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी बसने धुळ्याला जाते. पहिले तीन महिने निमा मला पाहिलं की मिटायची. मी आपली माझी मोडकी वाक्यं बोलायची, ती मान हलवायची. पूनम म्हणायची, मावशी, आई दिवसभर बोलत असते हो, तुम्ही आलात की का गप्प होते कोण जाणे. मी कारण सांगितलं नाही.

गेल्या खेपेला, ऊन कडक होतं, मी दुपारी पोचले. पूनमने दार उघडलं आणि आत स्वयंपाकघरात गेली. निमा पलंगावर बसली होती. तिने मला पाहिलं आणि ती मिटली नाही. अनोळखी माणसाकडे पाहतात तसं मोकळेपणाने, कुतूहलाने पाहिलं.

"कोननी शे वं तू?" तिने विचारलं. कोणाची गं तू?

प्रवासाला निघाल्यापासून तिच्या तोंडून माझ्यासाठी आलेला तो पहिला पूर्ण प्रश्न होता. मला कळलं की ती मला विसरली आहे, आणि हेही कळलं की म्हणूनच ती बोलते आहे. दम लागलेल्या तोंडातून माझं नेहमीचंच निघून गेलं.

"मी सुलभा आहे."

ती वाट पाहत राहिली. शब्द तिच्यापर्यंत पोचलेच नव्हते. तिने मानही हलवली नाही.

"मी सुलभा शे," मी म्हणाले.

तिचा चेहरा उजळला. तिने हाताने पलंगावर जागा दाखवली, बठ. मी बसले. तिने माझ्याकडे वाकून, पूनमला ऐकू जाऊ नये इतक्या हळू आवाजात सांगितलं.

"मनी मैत्रीण बी सुलभा शे. जयगावनी. गंज हुशार शे." मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिना समोर आसं बोलू नको. ती पानी देत नही."

पलंगाशेजारी स्टुलावर तांब्या होता. तिने तो दोन्ही हातांनी उचलला, थोडं सांडत फुलपात्र भरलं आणि माझ्यापुढे धरलं. मी मागितलं नव्हतं. उन्हातून आलेल्या माणसाला देतात तसं दिलं.

"ले," निमा म्हणाली, "पे."